चवळीची पिशवी

लॉजच्या कोठीत, ब्लँकेटांच्या थप्पीमागे
पाहुणे विसरून गेलेल्या वस्तूंचं कपाट आहे.
टोप्या, गॉगल, जोडीदार हरवलेले मोजे,
आणि वरच्या फळीवर
एक कॅमेरा, दोन लेन्स.

मॅनेजर सिकोटा म्हणाला, उद्या तुझी सुटी, काय हवं ते ने,
अंधार पडायच्या आत जागेवर दिसलं पाहिजे.

सात वर्षं मी ड्रायव्हरशेजारी बसून दिवा फिरवते.
मागून येणाऱ्या खटखटीवरून सांगू शकते
कुणाचं बोट भित्रं आहे, कुणाचं हावरट.
माझं कसलं आहे, माहीत नव्हतं.

मोठी लेन्स तान्ह्या पोरासारखी
दोन्ही हातांवर घ्यावी लागते.
अंगणापलीकडच्या चिंचेवर माकड होतं,
त्याच्या पापणीचे केस दिसले.
चिंच मात्र गेली.
तिच्या जागी नुसतं हिरवट पाणी.

धाकटी लेन्स बरणीच्या झाकणाएवढी,
कडेचा टवका उडालेली.
तिच्यातून सगळं दिसतं तसंच दिसतं.
मग ती घ्यायची कशाला?

बाबांना विचारलं. योतामू न्जोवू,
एकतीस वर्षं या खोऱ्याचे वनरक्षक.
आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात हट्ट.
म्हणाले, बिबट्या मला तोंडपाठ आहे.
त्याचे ठिपके आणून काय करू?
मला नदी दाखव.

आईने जुन्या चितेंगेची पिशवी शिवली,
कॅमेऱ्याला टेकू म्हणून,
आणि आत चवळी भरली. दोन किलो.
मोजून देतेय, मोजून घेईन.

बॅटरी एकच, पोट फुगलेली.
कार्डात कुणाचे तरी दोनशे बारा फोटो:
जांभई देणारे सिंह, जांभई देणारे सिंह,
मग विमानतळ, मग केक कापणारी एक मुलगी.
कॅमेऱ्याने विचारलं, सगळं पुसायचं?
सिंह पुसता आले असते.
पण एक पुसला की पुढचा, मग त्याच्यापुढची ती मुलगी,
म्हणून हात आवरला.
अकरा फोटोंची जागा उरली होती.

खोटं कशाला बोलू, मी दोन्ही लेन्स घेतल्या.

लॅकसनचा पिकअप, ऑक्टोबरची पिठासारखी धूळ.
लेन्स बदलायची तर गुडघ्यांत डोकं घालून,
वरून चितेंगे ओढून,
बाळाला पाजतात तशी.
लॅकसन हसला. मी हसले नाही.

वळणावर ती होती.
आबनूसाच्या दुसऱ्या फांदीवर, पाय लोंबकळत टाकून,
खाली पुकूंचा कळप, काठाच्या मातीत
किरमिजी राघूंची बिळंच बिळं.
मी मोठी लेन्स चवळीवर टेकवली
आणि दहा फोटो तिच्या तोंडाचे काढले.
दहा! श्वाससुद्धा न घेता.
लॅकसनने इंजिन बंद केलंच नव्हतं.
दहाही फोटोंत बिबट्या नाही,
पिवळं काहीतरी थरथरतंय.

म्हणजे माझं बोट हावरट.

अकरावा धाकट्या लेन्सचा.
उरलाच होता म्हणून.

बाबांनी कॅमेरा नाकाला लावला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
बिबट्या कुठंय?
दुसऱ्या फांदीवर, तांदळाच्या दाण्याएवढी.
असू दे.
मग अंगठ्याने काच पुसत म्हणाले,
पाणी इतकं मागे गेलं?
आणि पलीकडच्या काठावरची माझी चिंच,
तिच्याखाली आम्ही पावसाळाभर तंबू ठोकायचो,
ती कधी पडली?

मला सांगता आलं नाही.
रोज रात्री मी तिथूनच जाते.
दिवा जिकडे डोळे चमकतात तिकडे धरते,
आणि झाडाला डोळे नसतात.

मागे आई पिशवी उसवून
चवळी ताटात ओतत होती,
धूळ पाखडत होती,
मापाने मोजत होती.

मूठभर कमी आहे, ती म्हणाली.